कुत्र्यांमागचे घोडे आणि आपली काळी जमीन

हिंगोलीला घोडदळाची छावणी होती, हे परभणीतल्या तरुण मंडळींना सांगितलं की ती माझ्याकडे संशयानं बघतात. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचे रिसाले 1903 पर्यंत तिथं असत, आणि 1 मे 1999 पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती. हे रिसाले शिलेदारी पद्धतीचे. घोडा स्वारानं आणायचा, सरकारनं पगार द्यायचा. घोड्याचा पाय मोडला की झळ स्वाराच्या खिशाला. असा माणूस घोडा बेफाम कशाला उधळील?

छावणीतल्या साहेबांना घोड्यावर बसून कुत्र्यांमागं जाण्याचा शौक असे, आणि तो तसा जुना. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त कुत्र्यांच्या मदतीनं करायच्या शिकारीवर स्वतंत्र प्रकरण आहे. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला दाखवतात. पुढं इंग्रजांनी मुंबई, पुणे-खडकीला विलायती कुत्र्यांच्या टोळ्या आणून कोल्ह्यांमागं घोडे घातले. इतिहास एवढा पुरे; मला खरा रस आहे तो त्या खेळाच्या रीतिरिवाजांत.

आपला कारवानी कुत्रा नजरेनं शिकार करतो. ससा दिसला की बाणासारखा सुटतो आणि थोड्याच वेळात निकाल लागतो. विलायती फॉक्सहाउंड वासावर चालतो, म्हणून शिकार पहाटेची. दव आहे तोवर वास जमिनीलगत टिकतो, ऊन चढलं की उडून जातो. कुत्रे माग काढत असताना स्वारांनी गप्प उभं राहायचं. गप्पांनी कुत्र्याचं लक्ष मोडतं आणि कोल्हाही दिशा बदलतो. सगळ्यांचा प्रमुख तो मास्टर. आल्यावर त्याला नमस्कार, जाताना निरोप, आणि त्याच्यापुढं घोडा काढायचा नाही. हा निव्वळ मानपानाचा मामला वाटतो, पण कुत्रे कुठं आहेत हे त्यालाच नीट ठाऊक असतं. आणि कुत्र्याला लाथ बसणं हा इथला सर्वांत मोठा गुन्हा. अरुंद वाटेवर कुत्रे जवळून जाऊ लागले की घोड्याचं तोंड त्यांच्याकडं करायचं, मागचे पाय कधीच नाही. गळ्यातला लांब पांढरा रुमालसुद्धा नुसता नखरा नव्हे. कोणी पडलं की त्याचीच झोळी करून हात बांधायचा. पडलेल्याला टाकून पुढं जाणाऱ्याला मात्र पुन्हा कोणी बोलावत नसे.

पण ही विलायती शिस्त हिरवळीवर तयार झालेली. आपल्या काळ्या जमिनीवर तिची खरी परीक्षा. पावसाळ्यात खूर रुतून बसतो; पाणी ओसरलं की जमीन तडकायला लागते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी घोड्याचा पाय अडकेल अशा भेगा पडतात. वरून गवत असलं तर भेग दिसतही नाही. कापलेल्या तुरीची खुंटं भाल्याच्या टोकासारखी, ज्वारीची धसकटं तशीच, त्यात बाभळीचे काटे. सर्वांत वाईट म्हणजे बिनकठड्याची विहीर. बांधापलीकडं काय आहे ते न बघता उडी घालणाऱ्याला मी शूर म्हणणार नाही. म्हणून पुढच्यानं खड्डा, तार, विहीर दिसताच ओरडून मागच्याला सांगायचं, आणि समोरचा घोडा उडी मारून सावरेपर्यंत आपला सोडायचा नाही. घोडा उडीला अडला तर त्याला बाजूला घेऊन रांगेच्या शेवटी न्यायचं.

हिवाळ्यात आमच्याकडं रब्बीची ज्वारी उभी असते. त्यातून घोडे घालणं म्हणजे कुणाचं तरी वर्षाचं धान्य तुडवणं. विलायतेतही नियम हाच: पेरलेल्या रानातून जायचं नाही, धुऱ्या-धुऱ्यानं जायचं, फाटक उघडलं तर शेवटच्यानं लावायचं. माझ्या मते सगळ्या नियमांत हा पहिला. छावणीतल्या साहेबांनी तो कितपत पाळला, हा वेगळा प्रश्न. ज्याच्या रानातून घोडे गेले त्याला विचारायला कोण जात होतं?

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडच्या शिकारीला आळा बसला, ते योग्यच झालं. विलायतेत इंग्लंड-वेल्समध्ये 2005 पासून कुत्र्यांनी कोल्ह्याची शिकार करायला बंदी आहे. तिथली मंडळी आता आधी टाकलेल्या वासाच्या मागावर घोडे नेतात. जनावर मरत नाही, रीत मात्र तीच.

त्यातली एक रीत आपण उचलावी. लाथ मारणाऱ्या घोड्याच्या शेपटीला तिथं लाल फीत बांधतात आणि नवख्या घोड्याला हिरवी. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांच्या बाजारात केवढी गर्दी असते! लग्नाच्या वरातीत तर बँडच्या दणदणाटात लहान मुलं घोड्याच्या मागच्या पायांशी नाचतात. घोडेवाल्यांनो, दहा रुपयांची लाल फीत घ्या आणि बांधा. आणि वऱ्हाडी मंडळींनो, ती दिसली की पोरांना पुढं घ्या.