गुडघेबदल : सिमेंटसह की सिमेंटविना?

आपल्या झुइडओस्टमधील मंडळींत साठी ओलांडलेल्यांची संख्या वाढत आहे, आणि "सिमेंट नसलेला नवा गुडघा अधिक टिकतो का?" हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. त्याविषयी थोडक्यात माहिती देत आहे.

गुडघेबदलात झिजलेली हाडांची टोके कापून त्यांवर धातूचे भाग बसवतात व मध्ये प्लॅस्टिकची चकती ठेवतात. धातू हाडाला घट्ट बसवण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे अ‍ॅक्रिलिकचे वैद्यकीय सिमेंट. ते काही मिनिटांतच कडक होते, त्यामुळे पकड पहिल्या दिवसापासून मिळते. दुसऱ्या प्रकारात धातूचा पृष्ठभाग सच्छिद्र असतो आणि रुग्णाचे हाड हळूहळू त्यात वाढते. त्यास काही महिने लागतात.

1980 च्या दशकातील सिमेंटविना गुडघ्यांपैकी काहींचा अनुभव चांगला नव्हता. नंतर रचना सुधारली. 2012 साली कॉक्रेन संस्थेने 5 चाचण्यांतील 297 रुग्णांचा आढावा घेतला. पहिल्या दोन वर्षांत सिमेंटचे सांधे कमी सरकले, परंतु पुढे सैल होण्याचा धोका सिमेंटविना सांध्यांत कमी दिसला. दहा वर्षांनी मात्र दोन्ही प्रकारांत शंभरातील नव्वदहून अधिक गुडघे टिकून असतात. नेदरलँड्समध्ये 2007 पासून अशा शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते, आणि येथील बहुतेक गुडघे सिमेंटनेच बसवले जातात.

तेव्हा "नवे ते चांगले" असे समजू नये. सिमेंटविना गुडघ्यासाठी हाड भक्कम हवे. म्हणून तो बहुधा वयाने लहान व हाड चांगले असलेल्यांना सुचवतात. हाडे ठिसूळ असतील तर सिमेंट अधिक भरवशाचे. आपल्या सावळ्या वर्णाला येथील ऊन अपुरे पडते, म्हणून 'ड' जीवनसत्त्वाविषयी हाउसआर्ट्सना अवश्य विचारावे.

आता खर्चाचे. मूळ विम्यात गुडघेबदल येतो. आयगन रिसिको मात्र आपल्याला भरावा लागतो. 2025 साली तो किमान 385 युरो होता. शस्त्रक्रियेपूर्वी झिजेवर देखरेखीखालील व्यायामाची 12 सत्रेही 2018 पासून विम्यात येतात. ती आधी करून पाहावीत.

काही जण पुण्या-मुंबईस जाऊन शस्त्रक्रिया करून घेतात. भारत सरकारने ऑगस्ट 2017 मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या संचासाठी ती 54,720 रुपये अधिक कर अशी ठरली. शल्यविशारद, रुग्णालय, प्रवास आणि परतल्यानंतरचा व्यायाम यांचा खर्च वेगळा. विमा कंपनीची लेखी मंजुरी निघण्यापूर्वी घ्यावी. सांध्याचे नाव, माप व क्रमांक असलेली चिकटपट्टी जपून आणावी; तिथली शस्त्रक्रिया येथील नोंदीत नसते, आणि पुढे दुरुस्ती करावी लागल्यास येथील डॉक्टरांना हीच माहिती लागते.

शल्यविशारदांना दोनच गोष्टी विचाराव्यात : माझे हाड कसे आहे, आणि आपण नेहमी कोणता प्रकार बसवता? ज्या पद्धतीत त्यांचा हात बसला आहे, ती सहसा आपल्या हिताची.