आरोग्य केंद्राचा कारभारी कोण?



आमच्या आरोग्य केंद्राचा कारभारी कोण, असे कोणी विचारले तर मी पटकन म्हणायचो, "डॉक्टरसाहेब!" पण गेल्या पावसाळ्यात मला पुरते उत्तर कळले.

त्या रात्री काकूला कळा सुरू झाल्या. आजी म्हणाली, "पावसात कुठं नेता? घरीच मोकळी होईल." पण काकूच्या अंगात रक्त कमी आहे, हे उपकेंद्राच्या सिस्टरने आधीच तपासून सांगितले होते. आशाताईंच्या वहीत तशी नोंद होती. त्या म्हणाल्या, "आजी, माझ्यावर रागवा पाहिजे तर, पण बाळंतपण घरी नको." त्यांनी १०२ नंबरला फोन लावला. गाडी आली. केंद्रात डॉक्टरसाहेबांनी काकूला तपासले आणि वेळ न घालवता मोठ्या सरकारी रुग्णालयात धाडले. तिथे रक्त चढवले. पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप.

नंतर मी आशाताईंना विचारले, "तुमच्यात मोठं कोण?" त्यांनी बोटांवर मोजून सांगितले.

साधारण १,००० वस्तीला एक आशा. घरोघर जाऊन आजारी, गरोदर बाया व तान्ही मुले यांची खबर ठेवायची. त्यानंतर उपकेंद्र. सपाट भागात ५,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक, असा नियम आहे. तिथे आरोग्य सेविका, म्हणजे आपल्या सिस्टर, लस टोचतात व गरोदर बायांना तपासतात. आरोग्य सहाय्यक गावोगाव फिरून त्यांचे काम बघतात.

या सर्वांवर प्राथमिक आरोग्य केंद्र. सपाट भागात ३०,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागात २०,००० लोकांमागे एक. त्याचे प्रमुख वैद्यकीय अधिकारी. रोगी तपासणे हे त्यांचे काम आहेच. शिवाय औषधे संपण्याआधी मागवणे, लस २ ते ८ अंशांत थंड राहते की नाही हे बघणे, गावात साथ आली तर माणसे कामाला लावणे, हीही जबाबदारी त्यांचीच. त्यांच्यावर तालुका आरोग्य अधिकारी आणि त्यांच्यावर जिल्हा आरोग्य अधिकारी.

आपली शाळा जिल्हा परिषदेची, तसेच आरोग्य केंद्रही जिल्हा परिषदेचेच. केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्यात लोकांनी निवडून दिलेली माणसेही असतात. म्हणून पालकांनो, औषध मिळाले नाही, पाण्याची सोय नसली, तर नुसते पारावर बोलू नका. डॉक्टरांना सांगा, समितीला विचारा.

मला वाटते, ज्याची पाळी येईल त्याने त्या वेळी पुढे व्हायचे, हेच खरे पुढारीपण. त्या रात्री आशाताई आजीपुढे गप्प बसल्या असत्या, तर डॉक्टरसाहेबांना काय कळणार होते?

आता डोसाच्या दिवशी आजीच नातीला कडेवर घेऊन सर्वांच्या आधी निघते.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी