आईवडिलांचे पैसे, मुलांच्या सह्या

वडील अंथरुणाला खिळले की त्यांचे एटीएम कार्ड हळूहळू मुलांच्या हाती येते. निवृत्तिवेतन काढणे, औषधे आणणे, वीजबिल भरणे ही कामे कोणीतरी करायलाच हवीत. ती करणाऱ्याच्या मनात बहुधा कपट नसते. परंतु कायदा हेतूबरोबरच अधिकारही विचारतो, आणि तो अशा वेळी मुलांजवळ नसतो.

आपण एक उदाहरण घेऊ. इंदूरला राहणारी एक मुलगी वृद्ध वडिलांची सेवा करते. त्यांचा पिन वापरून दरमहा पैसे काढते. त्यांचा हात थरथरतो म्हणून धनादेशावर कधी त्यांची सही स्वतःच करते. दोन वर्षांनी नागपूरहून धाकटा भाऊ येतो, पासबुक चाळतो आणि विचारतो, “ताई, बाबांच्या खात्यातले चार लाख गेले कुठे?” पैसे औषधांत आणि रात्रीच्या परिचारिकेच्या वेतनात गेलेले असतात, पण पावत्या कोणी जपल्या? पिन दुसऱ्याला देणे हा बँकेच्या अटींचा भंग आहे. दुसऱ्याच्या नावाची सही करणाऱ्यावर बनावट दस्तऐवजाचा आरोप येऊ शकतो. सोपवलेल्या पैशांचा अपहार केल्याची तक्रार झाली, तर भारतीय न्याय संहिता, २०२३ चे कलम ३१६, म्हणजे फौजदारी न्यासभंग, पुढे येते. आरोप सिद्ध होईलच असे नाही. पण तोवर बहीणभावांत बोलणे उरलेले नसते.

मग कुलमुखत्यारपत्र करावे, असे कोणी सुचवील. सूचना योग्य आहे. मात्र तिची मर्यादा फार थोड्यांना ठाऊक असते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार अधिकार देणारी व्यक्ती मरण पावली किंवा मनोविकल झाली की प्रतिनिधीचा अधिकार संपतो. म्हणजे स्मृतिभ्रंश बळावल्यावर, ज्या दिवशी या कागदाची सर्वांत अधिक गरज, त्याच दिवशी तो निरुपयोगी ठरतो! इंग्लंडमध्ये असा अधिकार पुढेही टिकावा म्हणून २००५ च्या कायद्यात सोय आहे. आपल्याकडे तशी सोय नसल्याने कुटुंबाला उच्च न्यायालयाकडे पालक नेमण्याची विनंती करावी लागते. बेशुद्धावस्थेतील रुग्णांसाठी पालक कसा नेमावा, याची मार्गदर्शक तत्त्वे केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये घालून दिली. तरीही वैद्यकीय अहवाल, चौकशी, वकील यांत वेळ आणि पैसा जातोच.

शरीर थकले पण बुद्धी शाबूत आहे, अशा खातेदाराची गोष्ट वेगळी. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार सही करता न येणाऱ्या रुग्णाच्या हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. तो बँकेच्या ओळखीच्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखावा लागतो, आणि त्यांतील एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. वरच्या उदाहरणातील मुलीला खोटी सही करण्याची गरजच नव्हती. तिने शाखेत जाऊन विचारले नाही, इतकेच. वडिलांचे भान शाबूत असतानाच संयुक्त खाते उघडले असते, तर घरखर्चही तिच्या स्वतःच्या सहीने भागला असता. अर्थात संयुक्त नावामुळे त्यातील पैसे तिचे झाले नसते.

वडिलांच्या मृत्यूनंतर ते कार्ड एकदाही वापरता येत नाही, अंत्यविधीच्या खर्चासाठीसुद्धा नाही. बँकेला कळवावे लागते. नामनिर्देशित व्यक्तीला रक्कम मिळते, ती वारसांच्या वतीने सांभाळण्यासाठी.