ऊनवाऱ्याची बेगमी

(नभोवाणीवरील भाषण)

चैत्र-वैशाखाचें ऊन तापूं लागलें म्हणजे आपल्याकडे घरोघरीं बेगमीची धांदल सुरू होते. पापड-कुरडया वाळतात, मिरची-हळद कुटली जाते, वर्षाचें धान्य निवडून, ऊन दाखवून डब्यांत भरलें जातें. पावसाळ्यांत ऊन मिळणार नाहीं, म्हणून त्याचें काम आधींच उरकून ठेवावयाचें, असा हा गृहिणींचा जुना हिशेब आहे. आज ज्या विषयासंबंधीं मला आपणांशीं बोलावयाचें आहे, तो याच जातीचा आहे. फरक एवढाच कीं, येथें बेगमी करावयाची आहे ती विजेची.

वीज हा फार नाशवंत माल आहे. दूध चार-सहा तास तरी टिकतें. वीज ज्या क्षणीं निर्माण होते त्याच क्षणीं ती कोठें तरी खर्चिली गेली पाहिजे. कोळशावर चालणाऱ्या वीजगृहांत ही अडचण फारशी जाणवत नाहीं. कारण तेथें सांठा कोळशाचा असतो, आणि गरजेप्रमाणें भट्टी मंद किंवा प्रखर करतां येते. ऊन आणि वारा मात्र आपल्या आज्ञेंत नाहींत. सूर्य दुपारीं बाराला भरभरून देतो, आणि आपले दिवे लागतात ते संध्याकाळीं सातला. साताऱ्याकडील पठारांवर ज्या पवनचक्क्या उभ्या आहेत, त्यांना खरा जोर येतो तो नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या दिवसांत. परिणाम असा होतो कीं, कधीं वीज पुरत नाहीं, तर कधीं ती इतकी होते कीं चालत असलेलीं सौरयंत्रें बंद ठेवण्याचा हुकूम सोडावा लागतो. युरोप-अमेरिकेंत हें बरींच वर्षें चाललें आहे. अलीकडे आपल्या राजस्थानांतही ती पाळी आली आहे. दुपारीं फुकटचें ऊन वायां जावें आणि त्याच रात्रीं विकतचा कोळसा जाळावा, हा व्यवहार कोणालाही खटकेल.

मग वीज सांठवावी कशी? दोन मार्ग सर्वांच्या परिचयाचे आहेत. पहिला बॅटरीचा. आजच्या चांगल्या बॅटरींत १०० युनिटें घातलीं तर ८५ ते ९० परत मिळतात. दुसरा मार्ग पाण्याचा. अकोले तालुक्यांतील घाटघर येथें सह्याद्रीच्या माथ्यावर एक आणि कोंकणच्या अंगास खालीं दुसरें, अशीं दोन धरणें आहेत. वीज मुबलक असेल तेव्हां खालचें पाणी वर चढवावयाचें, आणि मागणी वाढली कीं तेंच पाणी खालीं सोडून वीज काढावयाची. २००८ पासून तेथें २५० मेगावॉटचीं यंत्रें हें काम करीत आहेत. या पद्धतींत १०० पैकीं ७५ ते ८० युनिटें हातीं लागतात. दोन्ही मार्ग उत्तम आहेत; परंतु दुपारचें ऊन रात्रीला पुरविणें हें त्यांचें काम. श्रावणांतला वारा माघापर्यंत राखून ठेवावयाचा म्हटलें, तर इतक्या बॅटऱ्या आणावयाच्या कोठून, आणि इतके डोंगर तरी कोठून?

येथें हायड्रोजनचें नांव पुढें येतें. पाण्यांतून विजेचा प्रवाह सोडला असतां पाण्याचे दोन घटक, हायड्रोजन आणि प्राणवायु, वेगळे होतात, हें निकल्सन आणि कार्लाइल या दोघां इंग्रजांनीं १८०० सालीं दाखविलें. शाळेच्या प्रयोगशाळेंत दोन उलट्या नळ्या आणि एक बॅटरी घेऊन हा प्रयोग मीं मुलांसमोर पुष्कळदां केला आहे. एका नळींत दुसरीच्या दुप्पट वायु जमूं लागला कीं मुलांचे डोळे विस्फारतात. पुढें १८३९ च्या सुमारास विल्यम ग्रोव्ह यानें याच्या उलट क्रिया साधली. हायड्रोजन आणि प्राणवायु यांचा पुन्हां संयोग घडवून त्यानें वीज मिळविली, आणि उरलें तें केवळ पाणी. धूर नाहीं, राख नाहीं. म्हणजे विजेनें पाणी फोडावयाचें, हायड्रोजन टांकींत भरावयाचा, आणि गरज पडेल तेव्हां पुन्हां त्याची वीज करावयाची, अशी ही योजना आहे.

ती आजकालची आहे असें मात्र कोणीं समजूं नये. डेन्मार्कमध्यें आस्कोव्ह या खेड्यांतील लोकशाळेंत पॉल ला कूर नांवाचे एक शिक्षक होते. १८९१ मध्यें त्यांनीं शाळेजवळ पवनचक्की उभारून तिच्यापासून वीज निर्माण केली. वारा पडला म्हणजे काय, हा प्रश्न त्यांच्याही पुढें होताच, आणि त्या काळच्या बॅटऱ्या अतिशय महाग होत्या. तेव्हां त्यांनीं त्या विजेनें पाणी फोडून हायड्रोजन १२ घनमीटरच्या टांकींत भरला, आणि १८९५ पासून १९०२ पर्यंत शाळेंतील दिवे त्या वायूवर जाळले. या अवधींत शाळा एकदांही अंधारांत राहिली नाहीं, असें सांगतात. अर्थात् विघ्नेंही आलीं. हायड्रोजनमध्यें थोडासा प्राणवायु मिसळला जाऊन स्फोट होत, आणि खिडक्यांच्या कांचा पुन्हां पुन्हां बसवाव्या लागत. हायड्रोजनचे गुण आणि अवगुण दोन्ही त्या एका शाळेनें जगाला दाखवून दिले.

पुढें १९२३ मध्यें केंब्रिज येथें जे. बी. एस्. हाल्डेन यांनीं एक व्याख्यान दिलें. कोळसा संपल्यावर इंग्लंडनें काय करावें, याचा विचार करतांना त्यांनीं पवनचक्क्यांच्या रांगांचें आणि जमिनींत पुरलेल्या द्रवरूप हायड्रोजनच्या प्रचंड टांक्यांचें चित्र रेखाटलें. हेच हाल्डेन पुढें १९५७ मध्यें भारतांत येऊन येथलेच नागरिक झाले आणि १९६४ मध्यें भुवनेश्वर येथें वारले. त्यांची कल्पना लहान प्रमाणावर उतरली ती नॉर्वेच्या उत्सिरा बेटावर. तेथें २००४ पासून कांहीं वर्षें दहा घरांना पवनचक्कीची वीज मिळे, आणि वारा थांबला कीं सांठविलेल्या हायड्रोजनची. वाऱ्यावांचून दोन-तीन दिवस निभावून नेण्याइतकी ती सोय होती.

हें सर्व ऐकून कोणी विचारील कीं, मग घरोघर हें कां होत नाहीं? उत्तर हिशेबांत आहे. एक किलो हायड्रोजन मिळविण्यास ९ लिटर पाणी आणि ५० ते ५५ युनिट वीज लागते. तो दाबून टांकींत भरण्यास आणखी वीज खर्च होते. त्या किलोची पुन्हां वीज केली, तर हातीं येतात १६ ते २० युनिटें. म्हणजे शंभरांतलीं साठ-सत्तर वाटेंतच गेलीं! रोज रात्रीच्या दिव्यासाठीं ही नासाडी करणारा गृहस्थ शहाणा ठरणार नाहीं; तेथें बॅटरीच बरी.

सांठवणही सोपी नाहीं. हायड्रोजन हा सर्वांत हलका वायु. साध्या हवेच्या दाबाखालीं एक किलोला सुमारें ११ घनमीटर जागा लागते. तो द्रवरूप करावयाचा तर शून्याखालीं २५३ अंशांपर्यंत थंड करावा लागतो. बारीकशा फटींतून तो निसटतो, कांहीं जातींच्या पोलादाला ठिसूळ करतो, आणि त्याची ज्योत दिवसा डोळ्यांना जवळजवळ दिसत नाहीं. मात्र जमिनीच्या पोटांत मिठाचे जाड थर असतील, तर त्यांत पाणी सोडून मोठ्या पोकळ्या कोरतां येतात, आणि त्यांत हा वायु महिनेच्या महिने स्वस्तांत राहतो. इंग्लंडांत टीसाइड येथें १९७२ पासून आणि अमेरिकेंत टेक्सास प्रांतांत १९८३ पासून कारखान्यांसाठीं असे सांठे केले जात आहेत. ऋतूऋतूंच्या बेगमीला हायड्रोजन उपयोगी पडेल तो अशा ठिकाणीं. सांठा दसपट केला म्हणून यंत्रें दसपट लागत नाहींत, पोकळी तेवढी मोठी लागते. बॅटरीचें तसें नाहीं.

आतां आपल्या देशाकडे वळूं. माझ्या मतें आपल्याकडे हायड्रोजनचें पहिलें काम विजेची वीज करण्याचें नाहींच. शेतांत पडणाऱ्या युरियाला अमोनिया लागतो, आणि अमोनियाला हायड्रोजन. तो आज मुख्यत्वें नैसर्गिक वायूपासून काढतात, आणि त्या वायूचा मोठा भाग परदेशांतून येतो. तेलशुद्धीच्या कारखान्यांनाही हायड्रोजन लागतोच. तेव्हां जो वायु आपण नाहीं तरी वापरणारच, तो ऊनवाऱ्यापासून काढला तर परत वीज करण्यांतील तोटा वांचतो. हाही मार्ग आपल्याला नवा नाहीं. पंजाबांत नांगल येथें भाक्रा धरणाच्या विजेनें पाणी फोडून खतासाठीं हायड्रोजन काढीत असत, आणि देशांतला पहिला जड पाण्याचा कारखाना १९६२ मध्यें तेथेंच निघाला. पुढें वीज महाग झाली, तशी ती पद्धत मागें पडली. त्या इतिहासांतला धडा हाच कीं, विजेचा भाव जो तोच हायड्रोजनचा भाव.

जानेवारी २०२३ मध्यें केंद्र सरकारनें १९,७४४ कोटी रुपयांची हरित हायड्रोजनची योजना मंजूर केली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन काढण्याचा तिचा संकल्प आहे. शाळेच्या गणिताप्रमाणें किलोला ५० युनिटें धरलीं, तर हीं २५,००० कोटी युनिटें झालीं. एवढी वीज दुपारच्या शिलकेंतून निघणार नाहीं. शिवाय पाणी फोडण्याचीं महाग यंत्रें दिवसांतून दोन-चार तासच चालविलीं, तर त्यांचा खर्चही भरून येणार नाहीं. म्हणजे त्यासाठीं नव्या पवनचक्क्या आणि नवीं सौरक्षेत्रें उभारलीं पाहिजेत. तीं न उभारतां हीं यंत्रें चालू केलीं, तर घराघरांतील विजेशींच त्यांची स्पर्धा लागेल, आणि तूट भरून काढावयास पुन्हां कोळसाच जाळावा लागेल.

हा पैसा शेवटीं आपल्याच करांतून आणि वीजबिलांतून जाणार आहे. म्हणून हायड्रोजनच्या नव्या योजनेची बातमी वर्तमानपत्रांत वाचाल, तेव्हां तीन प्रश्न अवश्य विचारा. वीज कोठून येणार? पाणी कोणाच्या वांट्याचें? आणि वायु वापरणार कोण? तिन्हींचीं उत्तरें सरळ मिळालीं, तर ती योजना उचलून धरण्याजोगी समजावी. बेगमी करणें हें शहाणपणाचेंच; पण कोणता जिन्नस डब्यांत भरावयाचा आणि कोणता ताजा वापरावयाचा, हें आधीं ठरवावें लागतें, आणि आपल्या घरांतील गृहिणींना हें कोणीं शिकवावें लागत नाहीं.