अहवाल की अनुभव?

चिपळूण तालुक्यातील सावर्डे येथे गोविंदराव निकम यांनी उभारलेल्या सह्याद्री शिक्षण संस्थेचे चित्रशिल्प महाविद्यालय आहे, तसेच तंत्रनिकेतनही आहे. मातीत हात न घालता केवळ ग्रंथ वाचून कोणी शिल्पकार होईल, असे कोणीही म्हणणार नाही. अभियंत्याच्या बाबतीत मात्र आपण हेच वर्षानुवर्षे गृहीत धरीत आलो आहोत.

अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाला प्रकल्प अनिवार्य असतो, हे खरे. परंतु तो तयार विकत घ्यावा आणि जाडजूड अहवाल बांधून सादर करावा, असा शिरस्ता राज्यात अनेक ठिकाणी पडला आहे. दोष केवळ विद्यार्थ्यांच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. जेथे गुण अहवालाला मिळतात, तेथे अहवालांचेच पीक येणार.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापून निराळी वाट दाखविली. शाळा सुटलेली मुले तेथे वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी शिकली, ती गावाची कामे करता करता. कच्चा सांधा तुटला की गिऱ्हाईक तो घेऊन परत येते. अहवालातील चूक कपाटातच राहते.

सावर्ड्याच्या आसमंतात अशा कामांची वाण नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री याच तालुक्यातील तिवरे धरण फुटले व वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. वस्तुतः गळती मोजण्यास मोठी सामग्री लागत नाही. झिरपणाऱ्या पाण्याच्या वाटेत त्रिकोणी खाच पाडलेला पत्रा बसविला, की खाचेतील पाण्याच्या उंचीवरून प्रवाह काढता येतो. पाऊस वा जलाशयाची पातळी वाढली नसता तो वाढू लागला, अथवा पाणी गढूळ येऊ लागले, तर तो धोक्याचा इशारा समजावा. विद्यार्थ्यांच्या एखाद्या तुकडीने पाटबंधारे खात्याच्या देखरेखीखाली एका लहान धरणावर वर्षभर अशी नोंद ठेवली, तर पुस्तकातले सूत्र तिला जन्मभर पुरेल आणि खाली राहणाऱ्या वस्तीलाही आधार होईल.

खर्चाची सबब येथे पुढे केली जाईल. पत्रा स्वस्तच आहे. महाग आहे तो शिक्षकाचा वेळ. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अनुभवाधिष्ठित शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. परंतु धरणावर घालविलेला दिवस अध्यापनाच्या तासांत धरला जात नाही आणि चिखलाने माखलेल्या नोंदवहीला गुण मिळत नाहीत, तोवर हा पुरस्कार कागदावरच राहील.