काचबिंदूच्या औषधाचा न दिसणारा गुण

औषधाला गुण आला की नाही, हे आपण एका साध्या कसोटीवर ठरवतो: घेतल्यावर बरं वाटलं का? ताप उतरला, सूज ओसरली की औषध चांगलं. आठवडाभरात काही फरक नाही, तर औषध बदला, नाहीतर डॉक्टर बदला. बहुतेक दुखण्यांत ही कसोटी चालून जाते. काचबिंदूत मात्र ती दोन्ही बाजूंनी दगा देते. रोग वाढत असतो तेव्हा रुग्णाला काही जाणवत नाही आणि औषध लागू पडत असतं तेव्हाही काही जाणवत नाही. उलट थेंब घातल्यावर डोळा चुरचुरतो, लाल होतो, काही औषधांनी पापण्यांची कातडी काळवंडते. म्हणजे औषधाचं जे काही कळतं ते वाईटच. ‘वर्षभर थेंब घालतोय, नजरेत काडीचाही फरक नाही’ ही तक्रार शब्दशः खरी असते, चुकीचा असतो तो तिच्यातून काढलेला निष्कर्ष. या रोगाविषयीचे बहुतेक गैरसमज याच मुळातून फुटतात. म्हणूनच त्यांची उत्तरं कुणा एकाच्या अनुभवात, मग तो रुग्णाचा असो वा डॉक्टरचा, सापडत नाहीत. सारख्याच अवस्थेतल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडायचे, एकाला उपचार द्यायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही किंवा वेगळा द्यायचा, आणि काही वर्षांनी मोजायचं. गेल्या तीसेक वर्षांत अशा चाचण्या झाल्या आहेत. त्यांनी रुग्णांच्याच नव्हे, डॉक्टरांच्याही काही समजुती मोडीत काढल्या.

डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत साधारण १० ते १२ लाख तंतू असतात. काचबिंदूत ते हळूहळू मरतात आणि मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही. नजर जाते ती सहसा आधी मध्याच्या भोवतालची आणि कडेची. समोरचं वाचायची नजर शेवटपर्यंत टिकते. त्यामुळे अक्षरांचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्या माणसालाही बराच पुढे गेलेला काचबिंदू असू शकतो. ‘नीट दिसतंय ना, मग डोळे ठीक आहेत’ हा या रोगातला सर्वांत महागात पडणारा गैरसमज. गंमत अशी, की तो दूर करायला छापलेली माहितीपत्रकंही दुसरा गैरसमज पसरवतात. मध्ये चित्र आणि भोवती काळं कडं, जणू बोगद्यातून पाहावं तसं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात ५० रुग्णांना अशी वेगवेगळी चित्रं दाखवून ‘तुम्हाला यातलं कसं दिसतं?’ असं विचारलं. काळ्या बोगद्याचं चित्र एकानंही निवडलं नाही. निम्म्याहून अधिक जणांनी काही भाग धूसर असलेलं चित्र निवडलं, आणि सुमारे चौथा हिस्सा रुग्णांना आपल्या नजरेत काही उणं आहे हेच जाणवत नव्हतं. एका डोळ्यानं गमावलेला भाग दुसरा डोळा झाकतो, उरलेली पोकळी मेंदू आजूबाजूच्या दृश्यानं भरून टाकतो. काळं कडं दिसायची वाट पाहणाऱ्याला ते दिसणारच नाही.

आपल्याकडे याचा परिणाम आकड्यांत दिसतो. आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूत २००० सालाच्या आगेमागे घरोघरच्या लोकांची जी मोठी नेत्रतपासणी झाली, तीत काचबिंदू निघालेल्या १० पैकी ९ हून अधिक जणांना तोवर त्याचा पत्ताच नव्हता. यात भर पडते ती मोतीबिंदूशी होणाऱ्या गल्लतीची. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, ते काढून नवं बसवलं की नजर परत येते. त्यामुळे ‘अजून पिकला नाही, पिकला की ऑपरेशन करू’ हा जुना हिशोब काही जण काचबिंदूलाही लावतात. इथे वाट पाहणं म्हणजे उरलेले तंतू गमावणं. काचबिंदूचं ऑपरेशन गेलेली नजर परत आणत नाही, उरलेली राखायचा प्रयत्न करतं. एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा: डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याचा कोन अचानक बंद झाला, तर डोळा लाल होऊन प्रचंड दुखतो, दिव्यांभोवती रंगीत वलयं दिसतात, उलट्या होतात. ती तासांच्या हिशोबानं हाताळायची आणीबाणी. एरवी हा रोग मुका असतो.

मग औषधानं काही होतं का? स्वीडनमध्ये माल्मो आणि हेल्सिंगबोर्ग इथं लोकसंख्येच्या तपासणीतून सापडलेल्या, सुरुवातीच्या अवस्थेतल्या २५५ रुग्णांपैकी निम्म्यांवर उपचार केले आणि निम्म्यांवर नुसती बारीक नजर ठेवली. सुमारे ६ वर्षांनी, २००२ साली निकाल आला: उपचार न केलेल्यांपैकी ६२ टक्क्यांचा रोग पुढे सरकला होता, उपचार केलेल्यांपैकी ४५ टक्क्यांचा. थेंबांचीच नेमकी परीक्षा ब्रिटनमध्ये झाली. तिथं ५१६ रुग्णांपैकी अर्ध्यांना लॅटानोप्रॉस्ट आणि अर्ध्यांना औषध नसलेले थेंब दिले. कोणाच्या बाटलीत काय, हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. दोन वर्षांत बिनऔषधी थेंबांच्या गटात २५.६ टक्के रुग्णांचं दृष्टिक्षेत्र घटलं, औषधाच्या गटात १५.२ टक्के. हा निकाल २०१५ सालचा आणि लॅटानोप्रॉस्ट बाजारात आलं १९९६ साली. जवळजवळ वीस वर्षं जगभर ते दिलं जात होतं ते ‘डोळ्यातला दाब उतरतो, म्हणजे नजर वाचत असणार’ या अनुमानावर. अनुमान बरोबर ठरलं, पण ते तपासायला वैद्यकानं इतका वेळ घ्यावा हे काही भूषणावह नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो. स्वीडनमध्ये उपचार करूनही ४५ टक्के जणांचा रोग वाढला आणि काहीही न करता ३८ टक्के जणांचा वाढला नाही. मग उपचार करून मिळवलं काय? पहिली गोष्ट, हे वाढणं रुग्णाला जाणवण्याच्या कितीतरी आधी, दृष्टिक्षेत्र मोजणाऱ्या फील्ड टेस्टच्या यंत्रावर पकडलेलं होतं. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कोणाचा रोग संथ चालेल आणि कोणाचा धावेल, हे निदानाच्या दिवशी खात्रीनं सांगता येत नाही. ज्याचा रोग आपसूक थांबलेला असतो तो म्हणतो, ‘मी थेंब सोडले, काही बिघडलं नाही’, आणि ज्याचा उपचार करूनही सरकतो तो म्हणतो, ‘औषधानं काही झालं नाही’. दोघंही खरंच बोलत असतात. पण औषध घेतलं असतं तर पहिल्याचं आणि घेतलं नसतं तर दुसऱ्याचं काय झालं असतं, हे त्या दोघांनाही माहीत नसतं. ते फक्त गटांच्या तुलनेत कळतं. स्वीडनच्याच आकडेवारीतून निघालं, की डोळ्याचा दाब पाऱ्याच्या दर एक मिलिमीटरनं कमी राहिला की रोग वाढण्याचा धोका साधारण १० टक्क्यांनी घटतो.

दाबाचा विषय निघाला की पुढचा गैरसमज हजर होतो: दाब वाढला म्हणजे काचबिंदू, नॉर्मल असला म्हणजे सुटलो. २१ मिलिमीटर ही सीमा मुळात निरोगी लोकांच्या मोजमापांच्या सरासरीवरून काढलेली, तिच्या अलीकडे सुरक्षित आणि पलीकडे आजारी असं शरीर मानत नाही. जपानमधल्या ताजिमी शहरातल्या सर्वेक्षणात कोन उघडा असूनही काचबिंदू झालेल्यांपैकी ९२ टक्के लोकांचा दाब २१ किंवा त्याहून कमीच निघाला. अशा ‘नॉर्मल’ दाबाच्या रुग्णांतही दाब आणखी ३० टक्क्यांनी उतरवला, तर फायदा होतो, हे १९९८ च्या एका बहुराष्ट्रीय चाचणीनं दाखवलं. त्या चाचणीत तर फायदा आधी दिसेचना, कारण उपचारांमुळे, विशेषतः शस्त्रक्रियेनं, काहींना मोतीबिंदू झाला आणि त्यानं नजर मंदावली. तो परिणाम वेगळा काढल्यावर काचबिंदू थोपल्याचं दिसलं. उलट बाजूही तितकीच खरी. अमेरिकेत दाब २४ ते ३२ असलेल्या, पण नस शाबूत असलेल्या १६३६ लोकांना पाच वर्षं पाहिलं. थेंब न घेतलेल्यांतल्या ९.५ टक्क्यांना काचबिंदू झाला, घेतलेल्यांतल्या ४.४ टक्क्यांना. धोका निम्म्यावर आला, हे खरंच. पण थेंब न घेताही १०० पैकी ९० जण पाच वर्षं सुखरूप राहिले, हेही त्याच आकड्यात आहे. म्हणून नुसता दाब वाढलेल्या प्रत्येकाला जन्मभर थेंब लावून देणं मला पटत नाही. वय, नसेची अवस्था आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची जाडी पाहूनच ते ठरायला हवं. तो पडदा पातळ असेल तर धोका जास्त, हेही याच अभ्यासात ठळकपणे समोर आलं.

थेंबांची खरी अडचण वेगळी आहे. न जाणवणाऱ्या रोगासाठी रोज, वर्षानुवर्षं, न जाणवणाऱ्या फायद्याचं औषध घालत राहणं माणसाच्या स्वभावात नाही. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाटलीतच नोंद ठेवणारं यंत्र बसवलं होतं. रुग्ण म्हणत होते, आम्ही ९७ टक्के वेळा थेंब घातले. यंत्र म्हणालं, ७६ टक्के. डॉक्टरला मात्र दाब चढलेला दिसतो आणि तो औषध निकामी ठरलं समजून दुसरी बाटली जोडतो. इथेच लेझरचा प्रश्न येतो, कारण ‘लेझर म्हणजे शेवटचा उपाय’ अशी समजूत रुग्णांची तर आहेच, दीर्घकाळ डॉक्टरांचीही होती. ब्रिटनमधल्या सहा रुग्णालयांत ७१८ नव्या रुग्णांपैकी निम्म्यांना सुरुवातच लेझरनं केली. हे लेझर पाणी निचरणाऱ्या जाळीवर मारलेलं, काही मिनिटांत आटोपणारं. तीन वर्षांनी त्यातल्या ७४ टक्के रुग्णांना ठरवलेला दाब राखायला एकही थेंब लागत नव्हता. थेंबांच्या गटातल्या ११ डोळ्यांवर दाब उतरवण्याचं ऑपरेशन करावं लागलं, लेझरच्या गटात एकावरही नाही. सहा वर्षांनी लेझरच्या गटात १९.६ टक्के डोळ्यांचा रोग सरकला होता, थेंबांच्या गटात २६.८ टक्के. २०२२ साली ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शनात लेझरला पहिली पसंती मिळाली. ‘हे तिकडच्या श्रीमंत इस्पितळांचं झालं’ असं कोणी म्हणेल, तर टांझानियात किलिमांजारोच्या भागात झालेली चाचणी पाहावी. वर्षभरानंतर टिमोलॉलच्या थेंबांना ३१ टक्के डोळ्यांत यश होतं, लेझरला ६१ टक्के. जिथं दर महिन्याला बाटली विकत घेणं जड जातं, तिथं लेझरचं पारडं अधिकच जड.

पण हे झालं कोन उघडा असलेल्या काचबिंदूचं. आशियात कोन अरुंद असणाऱ्यांचं प्रमाण मोठं, आणि त्यांच्यासाठी लेझरही वेगळं आणि उत्तरही वेगळं. कोन अरुंद दिसला की बुबुळाच्या रंगीत पडद्याला लेझरनं बारीक भोक पाडून ठेवावं, असा प्रघात होता. चीनमध्ये ग्वांगझू इथं ८८९ जणांच्या एका डोळ्यात असं भोक पाडलं आणि दुसरा तसाच ठेवला. सहा वर्षांत लेझर केलेल्या १९ डोळ्यांत बिघाड झाला, न केलेल्या ३६ डोळ्यांत. फायदा आहे, पण मुळात धोकाच इतका कमी, की सरसकट सर्वांना लेझर करू नये, असं संशोधकांनीच लिहिलं. याउलट कोन बंद होऊन दाब बराच वाढलेल्या किंवा काचबिंदू झालेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या रुग्णांत मोतीबिंदू नसतानाही भिंग काढून नवं बसवणं हे लेझरपेक्षा सरस ठरलं. ४१९ रुग्णांच्या या चाचणीचा निकाल २०१६ सालचा. म्हणजे मोतीबिंदूचं म्हणून ओळखलं जाणारं ऑपरेशन काचबिंदूच्या एका प्रकारावर खरोखरच उपचार आहे. म्हणून ‘कोणता काचबिंदू?’ हा प्रश्न रुग्णानंही विचारायला हवा.

राहता राहिला ‘नैसर्गिक’ उपायांचा आक्षेप: कंपन्यांच्या औषधांनाच पुरावा मिळतो, बाकीच्यांना कोणी तपासत नाही. तसं नाही. चेन्नईच्या शंकर नेत्रालयात योगाभ्यासी लोकांची तपासणी झाली, तेव्हा शीर्षासनात डोळ्याचा दाब जवळजवळ दुप्पट होतो असं निघालं, त्यामुळे काचबिंदूच्या रुग्णानं ते टाळलेलंच बरं. दिल्लीच्या एम्समध्ये ९० रुग्णांवरच्या चाचणीत तीन आठवडे ध्यान केलेल्यांचा दाब उतरला. आशादायक आहे, जोडीला जरूर करावं, पण तीन आठवड्यांत दृष्टिक्षेत्र वाचतं की नाही हे कळूच शकत नाही, आणि ध्यान हे थेंबांच्या सोबत होतं, त्यांच्या जागी नव्हतं. कंपन्यांचं म्हणाल, तर मेमँटिन या गोळीनं नस वाचेल या आशेवर दोन हजारांहून अधिक रुग्णांवर चार-चार वर्षांच्या दोन चाचण्या झाल्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात गोळी नापास झाली. डोळा लाल झाला की घरातली जुनी बाटली काढून घालण्याची सवय मात्र तात्काळ सोडावी. त्यात स्टेरॉइड असेल, तर डोळा झटपट पांढरा होतो, बरं वाटतं, आणि ज्यांना ते सोसत नाही त्यांचा दाब गुपचूप चढून मुलांनाही काचबिंदू होऊ शकतो.

चष्म्याचा नंबर काढला म्हणजे काचबिंदू तपासला असं होत नाही. त्यासाठी दाब मोजावा लागतो, कोन भिंगातून पाहावा लागतो, नसेचं टोक तपासावं लागतं आणि शंका असेल तर फील्ड टेस्ट. काचबिंदू असलेल्यांच्या सख्ख्या भावंडांना आणि मुलांना तो होण्याचा धोका इतरांहून कैक पटींनी जास्त असतो. तेव्हा घरात एकाला निघाला, की बाकीच्यांनी चाळिशीच्या आत-बाहेर एकदा ही पूर्ण तपासणी करून घ्यावी, नजर कितीही चांगली असली तरी.