मधला नंबर गेला कुठे?

"१०४२ आहे, १०४४ आहे, मग १०४३ कोणी उडवला?" आर्थिक वर्ष संपून ऑडिट सुरू झालं की बिलांच्या नंबरांबद्दल हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं: कोणीतरी रोख पैसे घेतले आणि नोंद पुसून टाकली. मग काउंटरवर बसणाऱ्या माणसाकडे लेखी खुलासा मागतात. तो काय खुलासा देणार? त्याने काही केलेलंच नसतं. डेटाबेस सांभाळणाऱ्यांना हा प्रकार इतक्या वेळा पाहावा लागतो की याबद्दल शांतपणे बोलणं अवघड जातं. तरी प्रयत्न करतो.

गैरसमज असा: डेटाबेस जे अनुक्रमांक देतो ते सलग असतात, त्यामुळे मधला आकडा नसणं हा नोंद पुसल्याचा पुरावा.

वस्तुस्थिती अशी: रिलेशनल डेटाबेसमध्ये माहिती टेबलांत राहते आणि टेबलांच्या मदतीला व्ह्यू, इंडेक्स, सीक्वेन्स, सिनॉनिम अशी इतर ऑब्जेक्ट असतात. त्यांपैकी सीक्वेन्सचं काम एकच. कोणी मागितला की पुढचा आकडा द्यायचा, आणि एकाला दिलेला दुसऱ्याला द्यायचा नाही. आकडा वेगळा असेल एवढीच त्याची हमी. सलग असेल, असं त्याने कधीच कबूल केलेलं नाही. ओरॅकलमध्ये तर सीक्वेन्स कोणत्या एका टेबलाचा नसतोच. दोन टेबलं एकाच सीक्वेन्समधून नंबर घेऊ शकतात, आणि तसं केलं की कुठल्याच टेबलात सलग क्रम दिसत नाही.

आता १०४३ चं काय झालं ते पाहू. पहिल्या काउंटरवर बिल सुरू झालं आणि प्रोग्रामने सीक्वेन्सकडून १०४३ घेतला. त्याच वेळी दुसऱ्या काउंटरने १०४४ घेतला. ते बिल पूर्ण होऊन कमिटही झालं. इकडे पहिल्या ग्राहकाचं कार्ड चाललं नाही आणि व्यवहार रोलबॅक झाला. टेबलात लिहिलेल्या ओळी रोलबॅकने मागे जातात. सीक्वेन्स मागे जात नाही. १०४३ वापरला गेला, पण त्या नंबराची ओळ टेबलात कधी कायम झालीच नाही. पुसायला तिथे काही नव्हतं.

तो आकडा परत का घेत नाहीत, हा पुढचा प्रश्न रास्त आहे. परत घ्यायचा म्हटलं, तर पहिल्या काउंटरचा निकाल लागेपर्यंत दुसऱ्याला नंबरच देता येणार नाही. तिसरा दुसऱ्यासाठी थांबेल, चौथा तिसऱ्यासाठी. शेकडो लोक एकाच वेळी काम करत असतील तर सगळी यंत्रणा एका रांगेत उभी राहील. ही वाट पाहणं टळावं म्हणूनच सीक्वेन्स बनवला आहे. बँकेत टोकन घेऊन एखादा माणूस कंटाळून निघून गेला, तर त्याच्या नंबरासाठी पुढची टोकनं अडवून ठेवत नाहीत; तसंच हे.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही. पोस्टग्रेस्क्यूएलची अधिकृत कागदपत्रं उघडा. नेक्स्टव्हॅलने, म्हणजे सीक्वेन्सकडे पुढचा आकडा मागणाऱ्या फंक्शनने, घेतलेला आकडा कधीही रोलबॅक होत नाही, म्हणून खंड नसलेले क्रमांक हवे असतील तर सीक्वेन्स वापरू नका, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. तिथे तर युनिक कन्स्ट्रेंटमुळे नाकारलेली ओळसुद्धा आपला नंबर खाऊन जाते. रोलबॅक झालेल्या व्यवहारांमुळे आकडे गाळल्यासारखे दिसू शकतात, हे ओरॅकलच्या कागदपत्रांतही आहे. इतकं उघड लिहिलेलं असताना माणसांवर संशय का घेतात, हे मला अजून समजलेलं नाही.

खंड पडण्याचं दुसरं कारण कॅश. ओरॅकलमध्ये काही वेगळं सांगितलं नाही तर सीक्वेन्स एकदम २० आकडे मेमरीत घेऊन ठेवतो. वीज गेली किंवा डेटाबेस आडवा झाला की त्यातले उरलेले आकडे गेले. एसक्यूएल सर्व्हरच्या २०१२ च्या आवृत्तीपासून आयडेंटिटी कॉलमचंही, म्हणजे आपोआप नंबर भरणाऱ्या कॉलमचंही, असंच होतं. सर्व्हर अचानक बंद पडून पुन्हा सुरू झाला की इंट प्रकारच्या कॉलममध्ये आकडा थेट १००० ने पुढे उडी मारू शकतो. २०१७ च्या आवृत्तीत ही कॅश डेटाबेसपुरती बंद करण्याची सोय आली.

हे ऐकलं की लगेच सल्ला येतो, "मग नोकॅश करून टाका." हा अर्धवट उपाय आहे. सर्व्हर पडल्यामुळे होणारे खंड कमी होतील. रोलबॅकमुळे पडणारे तसेच राहतील. शिवाय प्रत्येक नंबरासाठी डेटाबेसला आपल्या अंतर्गत नोंदी बदलाव्या लागतील. वेग जाईल आणि सलगपणा मिळणार नाही.

याहून वाईट सल्ला म्हणजे, "सीक्वेन्स काढा, टेबलातला सगळ्यात मोठा नंबर शोधा आणि त्यात एक मिळवा." दोन काउंटरांनी एकाच क्षणी विचारलं तर दोघांनाही १०४२ दिसणार आणि दोघेही १०४३ छापणार. युनिक कन्स्ट्रेंट असेल तर एकाला एरर येईल. नसेल तर एका नंबराची दोन बिलं बाजारात जातील. पण खरा धोका पुढे आहे. या पद्धतीत कोणी शेवटचं बिल पुसलं, तर त्याचा नंबर पुढच्या बिलाला मिळतो आणि मालिका अगदी सलग दिसते. म्हणजे ज्या चोरीच्या भीतीने हा उद्योग केला, तीच चोरी यात बेमालूम लपते. मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये ८.० च्या आधी असाच प्रकार होता. ऑटो-इन्क्रिमेंटचा आकडा फक्त मेमरीत असायचा आणि सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर टेबलातल्या सर्वात मोठ्या नंबरावरून ठरायचा. शेवटच्या ओळी पुसून सर्व्हर पुन्हा सुरू केला की तेच नंबर परत मिळायचे. ८.० पासून तो आकडा डिस्कवर जपला जातो.

"पण जीएसटीला सलग नंबर लागतात ना?" लागतात. सीजीएसटी नियम ४६ प्रमाणे टॅक्स इन्व्हॉइसला सलग अनुक्रमांक हवा, तो १६ अक्षरांपेक्षा मोठा नको आणि आर्थिक वर्षात त्याची पुनरावृत्ती नको. एकापेक्षा जास्त मालिका चालतात. कायद्याची अपेक्षा योग्यच आहे. चूक ती सीक्वेन्सच्या गळ्यात मारण्यात आहे. बिलाला दोन नंबर द्या. एक आतला, सीक्वेन्सचा, जो ग्राहकाला कधी दिसत नाही. दुसरा छापायचा, जो साध्या टेबलातून घ्यायचा. त्या टेबलात प्रत्येक मालिकेसाठी आणि वर्षासाठी एक ओळ ठेवा. पैसे जमा झाले, सगळी तपासणी झाली की शेवटच्या पायरीला सिलेक्ट फॉर अपडेटने ती ओळ लॉक करा, आकडा एकने वाढवा, बिलावर लिहा आणि लगेच कमिट करा. हा आकडा टेबलात असल्यामुळे व्यवहार रोलबॅक झाला तर तोही मागे जातो. दुसऱ्या काउंटरला थोडं थांबावं लागेल, हे खरं. म्हणूनच ही पायरी शेवटी आणि छोटी ठेवायची. ग्राहक कार्ड शोधत असताना लॉक धरून बसायचं नाही.

बिल रद्द झालं तर ओळ पुसू नका. 'रद्द' असा शेरा मारून ती ठेवा. जीएसटीआर-१ च्या तक्ता १३ मध्ये मालिका कुठून कुठपर्यंत, एकूण किती दस्तऐवज आणि त्यातले रद्द किती, हे विचारलेलंच असतं. रद्द बिल असणं गुन्हा नाही.

नोंद खरंच कोणी पुसली का, हे शोधायचं असेल तर ऑडिट ट्रेल पाहा. डिलीट कोणत्या यूझरने, किती वाजता केलं, हे तिथे सापडतं, पण ऑडिटिंग आधी चालू केलेलं असेल तरच. त्याहून सोपं म्हणजे बिलांच्या टेबलावर डिलीटचा अधिकार काउंटरच्या लॉगिनला देऊच नका. ऑडिटर मंडळींना कळकळीची विनंती आहे: गाळलेल्या नंबरावरून कोणाची नोकरी धोक्यात आणू नका.

सीक्वेन्सबद्दल आणखी एक. मोठा नंबर म्हणजे नंतरची नोंद, हेही गृहीत धरू नका. ओरॅकल आरएसीमध्ये, म्हणजे एकच डेटाबेस अनेक सर्व्हरवरून चालतो तिथे, प्रत्येक इन्स्टन्सकडे आपापली कॅश असते. ऑर्डरचा पर्याय दिला नसेल तर दुपारच्या नोंदीला सकाळच्यापेक्षा लहान नंबर मिळू शकतो. कोणती नोंद आधीची हे ठरवायला तारीख-वेळेचा कॉलम ठेवा.

इतर गैरसमजांना एवढी जागा लागत नाही. व्ह्यूमध्ये माहिती साठवली जाते आणि म्हणून तो वेगवान असतो, असं म्हणतात. साध्या व्ह्यूमध्ये फक्त क्वेरी असते, माहिती साठवतो तो मटेरियलाइज्ड व्ह्यू, आणि त्याला वेळोवेळी रिफ्रेश करावं लागतं. जितके इंडेक्स जास्त तितका डेटाबेस वेगवान, हेही खोटं. नवी ओळ टाकताना प्रत्येक इंडेक्स सांभाळावा लागतो. फॉरेन की दिली की इंडेक्स आपोआप बनतो, हे इनोडीबीत खरं आहे. ओरॅकल आणि पोस्टग्रेसमध्ये तो तुम्हीच बनवायचा. इंडेक्स ड्रॉप केला तर माहिती जाते, या भीतीला काही आधार नाही. टेबलातली एकही ओळ हलत नाही. सिनॉनिम दिलं म्हणजे परवानगी मिळाली, असं समजणारेही भेटतात. सिनॉनिम हे नुसतं दुसरं नाव आहे, ग्रँट वेगळा द्यावाच लागतो.

शेवटचा गैरसमज: टेबल ड्रॉप केलं की त्याच्याशी जोडलेलं सगळं साफ होतं. ओरॅकलमध्ये इंडेक्स आणि ट्रिगर जातात. व्ह्यू आणि सिनॉनिम मागे राहतात, पण निकामी होऊन, आणि ते वापरणारा प्रत्येक प्रोग्राम नंतर कुठेतरी एरर देतो. म्हणून ड्रॉप लिहिण्याआधी डीबीए_डिपेन्डन्सीज या व्ह्यूमध्ये त्या टेबलावर कोण अवलंबून आहे ते पाहून घ्या.